आर्वो रशियन बोलत नसे

ज्या खेळाडूबद्दल मी लिहिणार आहे त्याच्या नावावर एकही चषक नाही. ज्या देशाकडून तो खेळला तो देश त्याच्या काळात बहुतेक सामने हरला. पस्तिशीकडे झुकलेला असताना बहारीनच्या ज्या छोट्या क्लबात तो आला, तो क्लबही पुढे दुसऱ्या क्लबात विलीन होऊन नावानिशी संपला. चिपळूणला परत आल्यापासून मी ही हकिकत कुणाला सांगायला लागलो की पहिला प्रश्न येतो, “मग जिंकलं काय त्यानं?” ज्यांना हाच प्रश्न पडतो त्यांनी पान उलटावं. पुढे कुठंतरी पाककृती असतील.

मी नौदलात डिझेल इंजिनांवर होतो. तिथून मला ट्रेनिंगसाठी काळ्या समुद्राकाठच्या एका बंदराच्या गावी पाठवलं. सोव्हिएत देश तेव्हा शाबूत होता. आधी दहा महिने नुसती भाषा शिकवली. शिकवणारी बाई साठीची होती, उच्चार चुकला की टेबलावर पेन्सिल आपटायची आणि तास संपला की घरून आणलेलं बिटाचं सूप पाजायची. नौदल सोडून मी बहारीनला जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागलो तेव्हा वाटलं होतं, ती भाषा आता गंजून जाणार. पण दोनेक वर्षांत सोव्हिएत देश फुटला, आणि त्याच्या तुकड्यांवरची जहाजं दुरुस्तीला आमच्याकडे यायला लागली. त्यावरच्या लोकांना इंग्रजीचा गंध नव्हता. यार्डात रशियन येणारा मी एकटाच. मग माझा पाना सुटला आणि मी दुभाषा झालो.

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. दोन भाषा येणं हा त्यातला सोपा भाग. पहिला नियम असा की ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. एका कॅप्टनच्या वतीनं मी आमच्या फोरमनला तोंडावर सांगितलं, “मी वीस वर्षं समुद्रावर आहे, पण तुझ्याइतका मूर्ख माणूस पाहिला नाही.” फोरमन दोन दिवस कॅप्टनशी नीट बोलला, माझ्याशी मात्र नाही.

दुसरा नियम कुणी शिकवत नाही, तो आपोआप अंगी येतो. तो म्हणजे कडू ते पातळ करणं. एकदा एका बोटीचा चीफ इंजिनिअर इंजिनरूममध्ये पाच मिनिटं आईबहिणीवरून बोलत होता. तो थांबल्यावर मी आमच्या लोकांना एवढंच सांगितलं, “गॅस्केट पसंत नाही.” सगळे हसले. त्याला शब्द कळले नाहीत, तरी तोही हसला. काम मार्गी लागलं. या कसबाचा मला फार अभिमान होता. मी मध्ये उभा असलो की भांडण होत नाही, असं लोक म्हणायचे.

याच लौकिकावर मला बू जासिमनं बोलावलं. बू जासिम म्हणजे जासिमचा बाप. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. त्याचं इमारतीच्या सामानाचं दुकान होतं आणि तो त्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर होता. बाजारात शिकलेली हिंदी तो बिनधास्त बोलायचा.

“जाधव, हमारा एक रूसी प्लेयर आता है. बड़ा स्ट्रायकर. तुम शाम को आना, उसका बात मेरे को बोलना, मेरा बात उसको बोलना. यार्ड का मुदीर मेरा दोस्त, मैं उसको बोलेगा.”

मुदीर म्हणजे आमचा साहेब. त्यानं तोंडी होकार दिला. मी मुहर्रकमध्ये, विमानतळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होतो. बायको मंगल आणि मुलगी वर्षभरापूर्वीच तिकडे आल्या होत्या. क्लबात जायचं म्हणून मी नवा शर्ट घेतला.

विमानतळावर तो सगळ्यांच्या वर एक डोकं दिसत होता. पिवळे केस, नाक पूर्वी कधीतरी मोडून बसवलेलं, खांद्यावर एकच पिशवी. मी माझ्या बाईंनी घोटून घेतलेल्या उच्चारात त्याचं रशियनमधून स्वागत केलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, “नो रशियन.”

मला वाटलं, चुकीचा माणूस पकडला. “तू आर्वो ना?”

“आर्वो. फ्रॉम एस्टोनिया. रशियन आय नो. आय डोन्ट स्पीक.”

एवढं बोलून तो बू जासिमच्या पिकअपमध्ये जाऊन बसला.

दुकानावर पोचून बू जासिमला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “ये कौन मुलूक? किदर है?” मी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे पेननं समुद्र काढला, त्याच्या काठाला टिकलीएवढी जागा दाखवली. त्यानं मान हलवली. “बहारीन जैसा छोटा. ठीक है. लेकिन लोग को क्या मालूम? रूसी बोलेगा तो लोग डरेगा.”

मला काढून टाकलं नाही, कारण दुसरं कुणी नव्हतं. आर्वोला दोनेकशे इंग्रजी शब्द येत होते. मी त्याच्याकडून त्याच्या भाषेतले चाळीसेक शिकलो. चेंडू म्हणजे पाल्ल, डावीकडे वासाक, उजवीकडे पारेम, मागे म्हणजे तागासी. क्लबचे कोच एका शाळेत पी. टी. शिकवायचे, शांत गृहस्थ. ते अरबीत सांगायचे, कामापुरती अरबी मी यार्डात शिकलो होतो, आणि मी मैदानाच्या कडेनं धावत ‘पारेम, पारेम’ ओरडायचो. बाकीचे खेळाडू हसायचे. आठवड्याभरात तेही ‘पारेम’ म्हणायला लागले.

त्याचा खेळ समजायला मला वेळ लागला. स्ट्रायकर म्हणजे सारखा धावणारा, असा माझा समज होता. हा बराच वेळ नुसता उभा असायचा. गोलकडे पाठ, मागे दोन डिफेंडर, त्यांच्या कोपरांचे घाव बरगडीत. लोक ओरडायचे, “यल्ला, यल्ला!” म्हणजे चल, चल. हा हलायचा नाही. मग एकदा कधीतरी चेंडू यायच्या आधी दोन पावलं सरकायचा आणि नेमका तिथंच चेंडू यायचा. मी विचारलं, कसं कळतं. तो म्हणाला, “काम म्हणजे थांबणं. लाथ मारणं हे काम नाही, ती शेवटची गोष्ट आहे.” पहिल्या महिन्यात उन्हानं त्याचं वजन उतरलं, गुडघे बर्फात बुडवून बसायचा, लबान नावाचं तिकडचं ताक बाटल्यांनी प्यायचा. तरी पहिल्या पाच सामन्यांत त्यानं चार गोल मारले.

गोल मारून तो हात वर करायचा नाही. कारण ध्वनिवर्धकावरून घोषणा व्हायची, “रूसी अर्फो!” अरबीत ‘व्ह’ नाही म्हणून आर्वोचा अर्फो झाला होता, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार पहिल्या शब्दाबद्दल होती. वर्तमानपत्रात रूसी, पत्रकावर रूसी, स्टँडमधून आरोळी ‘रूसी, रूसी’.

तिसऱ्या सामन्यानंतर त्यानं मला बू जासिमसमोर उभं केलं. “सांग त्याला. मी रशियन नाही. हे बंद कर. नाहीतर मी खेळणार नाही.”

मी बू जासिमला सांगितलं, “आर्वो बोलता है, अगर हो सके तो नाम के साथ उसका देश का नाम बोलो.”

बू जासिम म्हणाला, “उसको बोलो दिमाग मत खाओ. रूसी लाया हूँ, रूसी बोलेगा.”

मी आर्वोला सांगितलं, “करतो म्हणाला. लवकरच. इंशाल्ला.”

असं तीन महिने चाललं. दर एक-दोन आठवड्यांनी तो कडक बोलायचा, मी मऊ करून पोचवायचो, तिकडून नकार यायचा आणि मी त्याचं आश्वासन करून परत द्यायचो. मऊ करताना पहिला नियम सुटायचा, ‘मी’ ऐवजी ‘तो म्हणतो’ तोंडात यायचं. भांडण झालं नाही. मी स्वतःवर खूश होतो.

त्याचा राग मला कळत नव्हता असं मुळीच नाही. उलट फार चांगला कळत होता, म्हणूनच मी तो दाबत होतो. बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळात पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, अकाउंटंट, बँकेतले लोक असायचे. ओळख झाली की प्रश्न ठरलेला, “जाधव म्हणजे कुठले?” मी म्हणायचो, “चिपळूणचे.” विचारणाऱ्याला गाव नको असायचं, पण तो सभ्यपणे तिथंच थांबायचा आणि त्याला जे समजायचं ते समजून घ्यायचा. मी बौद्ध आहे हे मी लपवलं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. फक्त कुणी चुकीचं समजला तर दुरुस्त करत नव्हतो. पाच वर्षं असं केलेल्या माणसाकडे आर्वोची मागणी जात होती. त्या माणसाला ती अतिरेकी वाटणारच.

आणखी एक सल होता. रशियनचा त्याला एवढा तिटकारा का, हे मला कळेना. मला ती भाषा प्रिय होती. त्या बंदराच्या गावी कुणी मला ‘कुठले जाधव’ विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा नाव सांगितलं आणि पुढचा प्रश्न आला नाही, तो त्या भाषेत. एकदा सरावानंतर हे मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून ऐकत होता.

“तुझ्यासाठी बरं झालं,” तो म्हणाला. “खरंच सांगतो. मला त्या भाषेत दुसरं विचारलं.” मग त्यानं पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

मग चषकाची उपांत्य फेरी आली. क्लब इतका वर कधी गेला नव्हता. मोठे पाहुणे येणार होते. बू जासिमनं मैदान सजवलं, प्रवेशद्वारापाशी काठ्या रोवून झेंडे लावले. परदेशी खेळाडूंचा मान म्हणून त्यांच्या देशांचेही झेंडे. क्लबात एक ब्राझीलचा होता, त्याचा हिरवा-पिवळा. आणि आर्वोच्या नावानं पांढरा-निळा-लाल, रशियाचा.

आर्वो बसमधून उतरला, त्यानं झेंडा पाहिला, सरळ ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि बूट न घालता बाकावर बसला. सामना सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती. बू जासिम आला. दरवाज्यात कोच, आत सगळा संघ.

“इसको बोलो, बूट पहनो. नहीं तो कल टिकट. व्हिसा खलास.”

मी आर्वोकडे वळलो आणि सवयीनं म्हणालो, “तो विनंती करतोय की…”

आर्वोनं हात वर करून मला थांबवलं. मग रशियनमध्ये बोलायला लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. माझ्या बाईंपेक्षाही शुद्ध, अस्खलित रशियन.

“आता मी तुला येते त्या भाषेत बोलतोय,” तो म्हणाला, “म्हणजे तुला एकही शब्द लहान करता येणार नाही. जसंच्या तसं सांग.”

मी सांगत गेलो. नियमाप्रमाणे ‘मी’ म्हणत, हिंदीत, मध्ये अरबी शब्द घालून.

“माझी आई नऊ वर्षांची होती तेव्हा पहाटे सैनिक आले. तिला आणि माझ्या आजीला मालगाडीच्या डब्यात घालून सैबेरियात नेलं. गुन्हा काही नव्हता, शेत होतं. आई परत आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आजी आली नाही. मला सैन्यात दोन वर्षं सक्तीनं नेलं. रांगेत मी माझ्या गाववाल्याशी आमच्या भाषेत बोललो, तर सार्जंटनं तोंडावर मारलं आणि म्हणाला, माणसांच्या भाषेत बोल. हे नाक तिथलं आहे, फुटबॉलमधलं नाही. दहा वर्षं मी त्यांच्या लीगमध्ये गोल मारले आणि प्रत्येक गोलानंतर मी सोव्हिएत होतो. मग माझा देश परत आला. मी तिशीला आलो होतो, गुडघे गेले होते, तरी मला बोलावलं. निळा शर्ट, काळी चड्डी, पांढरे मोजे, आमच्या झेंड्याचे रंग. आम्ही हरलो. पुढचाही हरलो. हरताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता माझी दोन वर्षं उरली आहेत. ती मी कुठंही खेळीन, उन्हात खेळीन, वाळूत खेळीन. त्या झेंड्याखाली खेळणार नाही. मला तिकीट द्या.”

हे सांगताना ‘माझी आई’ हे शब्द मी दोनदा म्हणालो. दुभाषाचं असं होता कामा नये.

बू जासिम माझ्याकडे वळला. “तीन महीना ये क्यों नहीं बोला?”

तिथं मी आणखी एक नियम मोडला. दुभाषानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. मी म्हणालो, “उसने बोला. हर हफ्ते बोला. मैंने आपको नहीं बोला. आपने ना बोला, वो उसको नहीं बोला. मैं दोनों को झूठ बोलता था.”

“तुम मेरा आदमी है कि उसका?”

“जो बोला जाता है, वो बोलने का मेरा काम है.”

“बाहर जाओ,” बू जासिम म्हणाला. “खलास. कल से नहीं आना.”

मी निघालो, तोवर दरवाज्यातले कोच बाहेर गेले होते. मी पाहिलं तर ते स्वतः काठीवरून झेंडा उतरवत होते. नीट घडी घातली, कारण झेंडा कुणाचाही असला तरी घडी घालायची असते असं ते मानत. मग घोषणा करणाऱ्याच्या खोलीत जाऊन त्याला कागदावर एक शब्द लिहून दिला. परत येताना बू जासिमनं त्यांना अडवलं. कोच अरबीत म्हणाले, “हजेरीपटात पोराचं नाव चुकलं तर मी दुरुस्त करतो. तीस वर्षं करतोय. तू मलाही काढ.” सामना वीस मिनिटांवर आला होता. कोचला काढणं शक्य नव्हतं.

मी परत आत जाऊन आर्वोला कोचचं वाक्य सांगितलं. पूर्ण. त्यानं बूट घातले.

“इस्तूनिया, अर्फो,” अशी घोषणा झाली. स्टँडमध्ये लोक एकमेकांना विचारू लागले, हे काय, हे कुठं आहे. आम्ही तो सामना दोन-एकनं हरलो. एक गोल आर्वोचा. चेंडू जाळ्यात गेल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत. मी तिकीट काढून स्टँडमध्ये बसलो होतो.

सामन्यानंतर बसपाशी गाठून मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “मला माहीत होतं. तुझं तोंड आणि तुझे शब्द जुळत नव्हते. स्ट्रायकर डिफेंडरच्या पायाकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो.” हे त्यानं इंग्रजीत सांगितलं. रशियन तो माझ्याशी परत कधीही बोलला नाही, आणि मीही काढली नाही.

तो त्या हंगामाच्या शेवटापर्यंत खेळला. कोचनी त्याला सोडलं नाही आणि बू जासिमला गोल हवे होते. प्रत्येक गोलाला ‘इस्तूनिया’ म्हटलं गेलं, दर वेळी वेगळ्या उच्चारात. मग तो मायदेशी गेला, एक वर्ष आणखी खेळला आणि थांबला. त्याच्या देशात त्याची आठवण किती लोकांना असेल मला माहीत नाही. मुहर्रकच्या चहाच्या दुकानात मात्र पुढे कित्येक वर्षं म्हातारे मला बघून ‘पारेम, पारेम’ ओरडायचे.

त्याच वर्षी मंडळाच्या दिवाळी फराळाला एका बँकवाल्या गृहस्थांनी मला चिवड्याची बशी देत विचारलं, “जाधव म्हणजे कुठले?” मी म्हणालो, “बौद्ध. चिपळूणजवळचे.” ते म्हणाले, “अच्छा, अच्छा,” आणि चकलीची चौकशी करायला गेले. एवढंच झालं. एवढ्याचीच मी पाच वर्षं धास्ती घेतली होती. ते पुढे माझ्याशी कमी बोलायला लागले, त्यांच्या बायकोनं मंगलला हळदीकुंकवाला बोलावणं थांबवलं. मंगल म्हणाली, “बरं झालं, मला त्यांच्या अत्तराचा वास सहन होत नव्हता.” शुक्रवारी आम्ही काही बौद्ध घरं एकमेकांकडे जमायला लागलो.

यार्डातलं सांगायचं राहिलं. ते सामन्यानंतरच्या आठवड्यातलं. बू जासिमनं साहेबाकडे तक्रार केली की दुभाषानं पाहुण्यांसमोर क्लबची बेअब्रू केली, खेळाडू बोललाच नव्हता ते स्वतःच्या मनानं बोलला. पर्सोनेलचे फर्नांडिससाहेब गोव्याचे, मराठी बरं बोलायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पुढ्यात कोरा कागद ठेवला.

“जाधव, दोन ओळी लिही. भाषांतरात चूक झाली, माफ करा. मी फाइल बंद करतो. नाहीतर यार्डाच्या व्हिसावर तू बाहेर काम करत होतास, हे बाहेर काढतील. परवानगी तोंडी होती, ती आता कुणाला आठवणार नाही. बायको-पोरगी इथं आहेत ना तुझ्या?”

मी एक दिवस मागितला. घरी मंगलला सांगितलं. ती मुलीच्या वहीला कव्हर घालत होती. म्हणाली, “सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. गावी जायची माझी तयारी आहे. पण खोटं लिहून आलात तर मला येऊन सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून मी लिहिलं, “त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये मी केलेलं भाषांतर शब्दशः बरोबर होतं. त्याआधी तीन महिने केलेलं चुकीचं होतं. त्याची माफी मी त्या खेळाडूकडे मागितली आहे.” खाली माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सही.

फर्नांडिससाहेबांनी दोनदा वाचलं. “ही माफी नाही रे.”

“नाही साहेब.”

“यानं तुझं दुभाषाचं काम जाईल. बोटीवर परत पाठवणार नाहीत तुला. पाइप शॉपमध्ये टाकतील, भट्टीपाशी. आणि व्हिसाचं मी काही सांगू शकत नाही.”

“पाना धरता येतो मला.”

त्यांनी कागद फाइलला लावला आणि म्हणाले, “उद्या सहाला पाइप शॉपला रिपोर्ट कर.”

मी पावणेसहाला हजर झालो.